उसन्या रात्री

खाजगी नर्सिंग होममधल्या ड्युटीच्या वहीत पुढच्या पानांवर कोण कधी आलं, कोण कधी गेलं याच्या नोंदी असतात. मागच्या पानावर वेगळाच हिशेब चाललेला असतो, तोही पेन्सिलनं. कुणी कुणाची नाइट केली, कुणाच्या बदल्यात कुणाचा रविवार गेला, कुणाचं किती देणं बाकी आहे. नोकरी करत पुढचं शिकणाऱ्या सिस्टरांचं निम्मं शिक्षण या मागच्या पानावर चालतं. उद्या पेपर असेल तर आजची रात्र कुणाकडून तरी उसनी घ्यावी लागते. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली की वाटीभरच परत करायची असते. रात्रींचा भाव मात्र ठरलेला नसतो. साधी रात्र साध्या रात्रीवर सुटते. गणपतीतली किंवा लक्ष्मीपूजनाची रात्र हवी असेल तर एकीला दोन मोजाव्या लागतात.

या हिशेबातल्या बहुतेकजणी जीएनएम झालेल्या असतात. जीएनएम म्हणजे बारावीनंतरची तीन वर्षांची पदविका. ती झाली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली की नोकरी मिळते. पण पुढं एमएस्सी करायची, नर्सिंग कॉलेजात शिकवायला जायचं, तर पदवी लागते. जीएनएमवाल्यांसाठी पदवीचा रस्ता म्हणजे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग. जीएनएमच्या खालची पायरी दोन वर्षांच्या एएनएमची. गावातून, तांड्यावरून, पाड्यावरून येणाऱ्या कितीतरी मुली तिथूनच सुरुवात करतात, कारण तिला बारावीची कुठलीही शाखा चालते. शिडी आहे, पायऱ्याही आहेत. फक्त प्रत्येक पायरीवर पाय ठेवताना हातातली नोकरी सोडावी लागते, किंवा सोडली नाही हे लपवून धरावी लागते. एएनएम आणि जीएनएमच्या प्रवेशाला वयाची वरची मर्यादा ३५ वर्षांची. आधीच एएनएम असलेलीला जीएनएमसाठी ही मर्यादा नाही. म्हणजे चाळिशीतली सिस्टरही वर्गात बसू शकते. पण वयात सूट मिळाली तरी वर्षांत मिळत नाही. दहा वर्षं उपकेंद्रात बाळंतपणं केलेल्या बाईलाही जीएनएमची तीन वर्षं पहिल्या दिवसापासून करावी लागतात, नाडी कशी मोजायची इथपासून.

मिरजेचंच उदाहरण घेऊ. विल्यम वानलेस या कॅनडाच्या मिशनरी डॉक्टरनं इथं १८९४मध्ये रुग्णालय उभं केलं आणि पुढं या गावाला दवाखान्यांचं गाव अशीच ओळख मिळाली. सतारीच्या भोपळ्यांइतकीच इथं सलाईनच्या बाटल्यांची उलाढाल होत असेल. सांगली आणि मिरज ही जोडशहरं, मधल्या रस्त्यावर विश्रामबाग आणि त्या डॉक्टरच्याच नावाची वानलेसवाडी. या आठ-दहा किलोमीटरच्या रस्त्यावर सकाळी आठ-सव्वाआठच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपलेली एखादी बाई दिसते. मांडीवर डबा, पिशवीत घडी केलेला पांढरा कोट, हातावर निळ्या पेननं लिहिलेले आकडे. ते बहुधा शेवटच्या राउंडचे बीपी असतात, कागद हाताशी नव्हता म्हणून हातावर उतरवलेले.

तिचा दिवस असा असतो. कुणा एकीचा नाही. रात्रीची नोकरी धरून पोस्ट बेसिक करणाऱ्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. रात्री आठ ते सकाळी आठ नाइट. वीस-पंचवीस खाटा, एक सिस्टर, एक मावशी, वरच्या मजल्यावर झोपलेला आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर. नऊपर्यंत नातेवाइकांची वर्दळ, दहाची इंजेक्शनं, अकराला कुणाची तरी सलाईन आउट होते. मग पुन्हा शीर शोधणं, पुन्हा इंट्राकॅथ. बाराच्या पुढं जरा शांत झालं की टेबलाच्या खणातून कॉलेजची वही निघते.

त्या वहीत केअर प्लॅन असतो. नर्सिंग शिकलेल्या कुणाहीपुढं हा शब्द काढला तर आधी उसासा ऐकू येईल. एक रुग्ण निवडायचा, त्याची सगळी माहिती गोळा करायची आणि पट्टीनं रकाने आखून मांडायची: निरीक्षण, नर्सिंग डायग्नोसिस, उद्दिष्ट, नियोजन, प्रत्यक्ष केलेली कृती, मूल्यमापन. बहुतेक ठिकाणी हे सगळं हातानं आणि सुवाच्य लिहावं लागतं. मथळे वेगळ्या शाईत असले तर उत्तम. त्याशिवाय ड्रग बुक, केस स्टडी, केस प्रेझेंटेशन, आरोग्य शिक्षणाचे तक्ते आणि थर्माकोलची मॉडेलं. महाराष्ट्रात २०१८मध्ये प्लास्टिकबंदी आली तेव्हा थर्माकोलची मखरं गेली. नर्सिंग कॉलेजातली थर्माकोलची मूत्रपिंडं मात्र बराच काळ तग धरून होती.

गंमत अशी की ज्या रुग्णाचा केअर प्लॅन ती रात्री एक वाजता लिहीत असते, तसेच पंचवीस रुग्ण तिच्यासमोर झोपलेले असतात. वहीतल्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, त्याची भीती समजून घ्यायची, त्याच्याशी संवाद साधायचा असतो. समोरच्यांच्या वाट्याला यातलं जमेल तेवढंच येतं. हात धुण्याचंच बघा. साबण-पाण्यानं नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद द्यावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्रीत पंचवीस रुग्णांना प्रत्येकी दोनदा हात लावला आणि दर वेळी ४० सेकंद दिले, तर नुसत्या हात धुण्यात तेहेतीस मिनिटं जातात. कॉलेजच्या प्रात्यक्षिकात हा हिशेब कुणी घालत नाही आणि वॉर्डात तो घालायला कुणाला सवड नसते. पुस्तक एक सांगतं, वॉर्ड दुसरंच करायला लावतो, आणि या बाईला चोवीस तासांच्या आत दोन्हीकडं खरं वागायचं असतं. नुसतं कॉलेज करणाऱ्या मुलींना हा पेच इतक्या जवळून दिसत नाही.

नोकरीचा फायदाही आहेच. सलाईनचं गणित घ्या. ५०० मिलिलिटर आठ तासांत द्यायचंय, सेट १५ थेंबांना एक मिलिलिटर देणारा आहे. तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले १५, भागिले ४८०, उत्तर साडेपंधराच्या जरा वर, म्हणजे सोळा. पहिल्या वर्षाच्या मुली सूत्र पाठ करून येतात आणि भागाकारात अडकतात. रात्रपाळी केलेली सिस्टर ड्रिप चेंबरकडं बघत अंगठ्यानं रोलर सरकवते आणि घड्याळ लावून मोजलं तर पंधरा-सोळाच भरतात. पेपरात तिचे गुण जातात ते पायऱ्या न दाखवल्याबद्दल.

सकाळी सहाला टीपीआर (ताप, नाडी, श्वास), सातला रक्ताचे नमुने, पावणेआठला ओव्हर द्यायची तयारी. ओव्हर म्हणजे एका पाळीनं दुसरीला रुग्ण सोपवणं. रिलीव्हर वेळेवर आली तर आठला सुटका. ती दहा मिनिटं उशिरा आली की पुढची बस गेली, बस गेली की हजेरी गेली. मग नऊ ते चार कॉलेज, घरी येऊन साडेचार-पाचला झोप, सातला उठणं. घरात लहान मूल असेल तर या दोन तासांतलंही किती हाती लागतं ते सांगायला नको. रोज हे कुणालाच झेपत नाही. म्हणून आठवड्याला तीन नाइट, एकाआड एक, असा सौदा इन्चार्ज सिस्टरशी होतो आणि पगार त्या मानानं कापला जातो.

संध्याकाळी सातला उठलेली बाई दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या तासाला बसते तेव्हा ती सलग सतरा तास जागी असते. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला होता: सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. बाराच्या तासाला बसलेल्या या विद्यार्थिनीनं स्कूटी चालवली तर पोलिसांच्या यंत्रात काही दिसणार नाही, एवढाच फरक. चारला कॉलेज सुटतं तेव्हा एकवीस तास झालेले असतात. रात्रपाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातलं आणि २०१९मध्ये तेच पुन्हा सांगितलं. नर्सिंगच्या पुस्तकात झोपेचं महत्त्व सांगणारा धडा असतो. तो बहुतेक वेळा जांभया देत वाचला जातो.

काम आणि शिक्षण एकमेकांच्या मुळावर यावीत असं या व्यवसायात पहिल्यापासून नव्हतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावानं १८६०मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा सुरू झाली तेव्हा शिकाऊ मुलींना राहणं-जेवण आणि वर्षाला दहा पौंड मिळत. त्या वॉर्डात राबत, राबता राबता शिकत. काम हीच शाळा होती, आणि तिच्यासाठी पदरचे पैसे मोजावे लागत नसत. हिंदुस्थानातही तीच घडी आली. मुंबईच्या कामा रुग्णालयात १८९१च्या सुमारास आलेल्या बाई काशीबाई गणपत हे भारतीय परिचारिकांच्या प्रशिक्षणाच्या नोंदीतलं पहिलं नाव. पुढं १९०९मध्ये पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं सेवासदन उभं राहिलं आणि काही वर्षांत तिथल्या मुली, त्यांतल्या कित्येक विधवा, परिचर्या शिकायला ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. परपुरुषाच्या अंगाला हात लावायचं काम म्हणून ज्या घरांत नाव काढायची सोय नव्हती, त्या घरांतल्या बायकांना याच शिक्षणानं स्वतःच्या कमाईची पहिली वाट दाखवली. शिकायचं आणि कमवायचं या दोन गोष्टी तेव्हा एकाच दाराआड होत्या.

अमेरिकेतलं मेरी एलायझा माहोनी यांचं उदाहरण आजच्या मावशींना सांगावं असं आहे. बोस्टनच्या न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रन या रुग्णालयात त्यांनी सुमारे पंधरा वर्षं स्वयंपाक, झाडलोट, धुणं अशी कामं केली. १८७८मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, त्याच रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत त्यांना प्रवेश मिळाला. अभ्यासक्रम सोळा महिन्यांचा, आणि दिवस पहाटे साडेपाचला सुरू होऊन रात्री साडेनऊला संपणारा. त्या तुकडीत दाखल झालेल्या ४२ जणींपैकी चौघीच शेवटपर्यंत टिकल्या असं सांगितलं जातं. त्या चौघींत माहोनी होत्या, आणि प्रशिक्षित परिचारिका म्हणून बाहेर पडलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्री ठरल्या. ज्या मजल्यावर फडकं मारलं त्याच मजल्यावर त्यांनी रुग्णांची नाडी धरली. आपल्याकडं वॉर्डातल्या मावशी बारावी झालेल्या असल्या तरी त्याच इमारतीतल्या नर्सिंग स्कूलपर्यंत पोचणं त्यांना अवघड जातं. बढती मिळते ती फार तर मोठ्या मावशीची.

ती जुनी पद्धत काही रामराज्य नव्हती. विद्यार्थिनी म्हणजे स्वस्तातले हात, हे रुग्णालयांना लवकर कळलं. अमेरिकेत १९२३मध्ये आलेल्या गोल्डमार्क अहवालानं रुग्णालयाची गरज आणि विद्यार्थिनीचं शिक्षण यांची गल्लत उघड केली आणि नर्सिंग विद्यापीठात न्यावं असा आग्रह धरला. भारतात १९४६मध्ये आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीनं देशात साधारण ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका असल्याचं नोंदवलं. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथं नर्सिंगची पदवी सुरू झाली. मुंबईत १९६४मध्ये एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज आलं. विद्यार्थिनी हळूहळू मजुरीतून सुटली आणि खऱ्या अर्थानं विद्यार्थिनी झाली. झालं ते चांगलंच झालं. पण मजुरीबरोबर मजुरीचे पैसेही गेले आणि त्यांच्या जागी फी आली, याकडं फारसं कुणी पाहिलं नाही. आजच्या ओढाताणीची मुळं तिथं आहेत. अभ्यासक्रम अशा मुलीसाठी आखला गेला जिच्या घरून दरमहा पैसे येतात, आणि वर्गात येऊन बसली ती मुलगी जिला दरमहा घरी पैसे पाठवायचे असतात.

नियम पूर्णवेळेचे आहेत. परीक्षेला बसायचं तर थिअरीत आणि प्रात्यक्षिकात ८० टक्के हजेरी हवी, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाचे शंभर टक्के तास भरलेले हवेत. ऐंशी टक्के म्हणजे शंभरातले वीस दिवस आपले, असं ऐकायला ऐसपैस वाटतं. त्या विसांत ताप येतो, सासऱ्यांचं ऑपरेशन येतं, धाकटीचं लग्न येतं आणि सोडता न येणारी डबल ड्युटी येते. प्रात्यक्षिकाचे बुडालेले तास सुट्टीत भरून द्यायचे असतात, त्यामुळं नोकरीवाल्या मुलींच्या उन्हाळी सुट्टीत सुट्टी नसते.

या नियमांना जाचक म्हणणं सोपं आहे, पण ते उगाच आलेले नाहीत. लेबर रूमचं पोस्टिंग घ्या. विद्यार्थिनीच्या केसबुकात ठराविक संख्येनं बाळंतपणं नोंदलेली असावी लागतात. काही पाहिलेली, काही देखरेखीखाली स्वतः केलेली. नुसतं वाचून हे येत नाही. डोकं दिसायला लागलं की पेरिनियमला आधार कसा द्यायचा, मान मोकळी झाल्यावर नाळेचा वेढा बोटानं कसा तपासायचा, खांदा कधी सोडवायचा हे हातानंच शिकावं लागतं. आणि बाळं काही कॉलेजच्या वेळापत्रकानं येत नाहीत. दुपारभर थांबून केस न मिळालेली मुलगी संध्याकाळी सातला नोकरीवर निघते आणि साडेसातला कळा वाढतात. उद्या केसबुकात तिच्या मैत्रिणीची एक ओळ वाढलेली असते, तिची नाही. केस मिळणं हा या मुलींच्या बोलण्यातला शब्द. तो त्या नशिबासारखा वापरतात, पण ज्यांना थांबता येतं त्यांनाच हे नशीब लाभतं.

थांबता न येणाऱ्यांसाठी बाजारानं एक पळवाट काढली आहे. तिचं नाव ‘नॉन-अटेंडिंग’. नाव नोंदवा, जादा पैसे भरा, हजेरी आमची, तुम्ही परीक्षेपुरत्या या. अशी आश्वासनं कोण देतं हे नर्सिंगच्या वर्तुळात सगळ्यांना ठाऊक असतं आणि उघडपणे कुणी बोलत नाही. नोकरीवाल्या सिस्टरला हा सौदा सोयीचा वाटतो, यात तिचा दोष कमी आहे. पण जे हुकतं ते भलत्या वेळी समोर येतं. इन्सुलिनचंच उदाहरण. आपल्याकडं कुपीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज केशरी टोपणाची. लाल संपली म्हणून केशरी उचलली आणि २० युनिटच्या खुणेपर्यंत ४०चं इन्सुलिन ओढलं, तर रुग्णाला मिळतात आठच युनिट. उलट झालं, म्हणजे १००चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत भरलं, तर जातात पन्नास. पहिल्या चुकीत साखर चढत राहते, दुसरीत पहाटे रुग्ण घामानं डबडबून बेशुद्ध सापडतो. पट्टीची शिक्षिका हा फरक दोन्ही सिरिंज मुलींच्या हातात देऊन दाखवते. नॉन-अटेंडिंगमध्ये नेमका तोच तास बुडालेला असतो.

मग नोकरी सोडत का नाहीत? इथं पगाराचा विषय येतो. खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. २०१६मध्ये न्यायालयाच्या निर्देशानं नेमलेल्या समितीनं शिफारस केली, की २००हून अधिक खाटांच्या रुग्णालयांनी राज्य सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, १०० ते २०० खाटांच्यांनी त्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी देऊ नये, ५० ते १०० खाटांच्यांनी पंचवीस टक्क्यांहून जास्त कमी देऊ नये, आणि पन्नासच्या आतल्यांनीही निदान २० हजार रुपये द्यावेत. शिफारस कागदावर आहे. छोट्या गावातल्या दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये जाऊन ती वाचून दाखवली तर डॉक्टरसाहेब चहा पाजतील आणि विषय बदलतील. त्यात मूळ प्रमाणपत्रं मालकाच्या कपाटात ठेवून घ्यायची जुनी खोड. पुढच्या शिक्षणासाठी नोकरी सोडायची तर आधी ती कपाटातून बाहेर यायला हवीत. सोडली तर घरभाडं आणि भावाची फी कुठून द्यायची, हा प्रश्न वेगळाच. राज्य सरकारनं २०२४मध्ये आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या ठराविक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. मोठा निर्णय, पण फी माफ झाली तरी खानावळ माफ होत नाही.

पगार चालू ठेवून शिकायची वाट अगदीच नाही असं नाही. सरकारी सेवेतल्या अधिपरिचारिकांना प्रतिनियुक्तीवर शिकायला पाठवलं जातं, आणि महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांत अध्ययन रजेची सोय आहे. ज्यांना ते लाभतं त्या दोन वर्षं खरोखर विद्यार्थिनी होतात, वाचनालयात बसतात, वेळेवर जेवतात. पण बायका जास्त आणि जागा थोड्या, त्यामुळं ज्येष्ठतेची यादी पुढं सरकेपर्यंत अनेकींची शिकायची उमेद मावळते. दुसरी वाट इग्नूची. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानं पोस्ट बेसिक बीएस्सी नोकरीतल्या परिचारिकांसाठीच आखलं आणि नेहमीच्या कॉलेजात दोन वर्षांत होतो तो अभ्यास इथं पुरा करायला किमान तीन वर्षं दिली. एका वाढीव वर्षात हातातली नोकरी वाचते. असा साधा हिशेब आपल्या नेहमीच्या कॉलेजांत का बसत नाही, हे कोडंच आहे. २०२३मध्ये संसदेनं नवा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला, १९४७चा जुना कायदा मागं पडला. नव्या आयोगाला नोकरी करणाऱ्या विद्यार्थिनीसाठी वेगळा विचार करायला कुणी अडवलेलं नाही.

तिसरी वाट सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे, जर्मनीची. तिथलं नर्सिंगचं शिक्षण तीन वर्षांचं. २०२०पासूनच्या नव्या कायद्यानुसार किमान २,१०० तास वर्गातले आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामाचे. या तीनही वर्षांत शिकाऊ उमेदवाराला दरमहा हजार युरोंच्या वर वेतन मिळतं, आणि हे तिथं कायद्यानं ठरलेलं आहे. शिकणारी बाई वॉर्डात हातभार लावते, तर तिला पैसे द्यायला हवेत, इतकी सरळ गोष्ट. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, दहा हजार तरुणांना पाठवायचं ठरलं, त्यांत परिचारिकाही होत्या. त्यासाठी आधी भाषा यायला हवी. म्हणून आता नाइट, कॉलेज आणि त्यावर जर्मनचा क्लास अशी तिहेरी कसरत करणाऱ्या मुली पुण्यात दिसतात. रुग्णाला ‘कुठं दुखतंय’ हे जर्मनमध्ये विचारायला त्या लवकर शिकतात. नामांची तीन लिंगं मात्र मराठी असूनही त्यांना छळतात, कारण आपली लिंगं आणि त्यांची लिंगं जुळत नाहीत.

शिकणाऱ्या परिचारिकेचं काम हे खरं काम आहे, हे आपल्याकडंही एकदा सरकारदरबारी मान्य झालं होतं. मे २०२१मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, बीएस्सी आणि जीएनएम झालेल्या परिचारिकांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली कोविड वॉर्डात पूर्णवेळ घ्यायचं ठरलं, आणि कोविडचं शंभर दिवसांचं काम पुरं करणाऱ्यांना पुढच्या नियमित सरकारी भरतीत प्राधान्य मिळेल असं जाहीर झालं. तेव्हा पीपीई किट घालून आठ-आठ तास उभ्या राहिलेल्या कित्येक मुलींचं पुढचं शिक्षण चालूच होतं. लाट ओसरली आणि त्या पुन्हा हजेरीपटावरच्या टक्केवारीत जाऊन बसल्या.

परीक्षा जवळ आली की मागचं पान भरायला लागतं. हॉल तिकीट आलं की पहिला फोन नाइट बदलून देणाऱ्या मैत्रिणीला जातो, दुसरा घरी. पेपर दहाचा असेल तर आदल्या रात्रीची सोय लागते, त्याआधीच्या रात्रीची लागत नाही. म्हणून आदल्या दिवशी सकाळी ओव्हर देऊन आलेली बाई दुपारी झोपावं की वाचावं या पेचात अर्धी झोपते आणि अर्धं वाचते. फार्माकॉलॉजीच्या वहीत डिगॉक्सिनपुढं तिनं ‘नाडी साठच्या खाली असेल तर देऊ नये, डॉक्टरांना कळवावं’ असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या असतात. ही गोष्ट तिला पाठ करावी लागत नाही. सहा नंबरच्या आजोबांना सकाळची गोळी द्यायच्या आधी ती रोज मनगट धरून पूर्ण मिनिट मोजते.

पेपर एक वाजता सुटतो. वानलेसवाडी गेल्याचं तिला कळत नाही, मिरजेच्या स्टँडवर कंडक्टर उठवतो. रात्री आठला ती ओव्हर घेते, सहा नंबरच्या आजोबांची चौकशी करते, दहाची इंजेक्शनं भरून ठेवते. बाराच्या सुमारास वही उलटी करून मागच्या पानावरची एक ओळ खोडते. खाली अजून चार आहेत, त्यांतली एक लक्ष्मीपूजनाची.